टोंगळ्यांचे दुखणे अंगावर का काढायचे?

भंडाऱ्याकडे गुडघ्याला टोंगळा म्हणतात. पश्चिम महाराष्ट्रातून लग्न होऊन इकडे आलेल्या सुनेला पहिल्या पावसाळ्यातच हा शब्द पाठ होतो, कारण रोवणीच्या दिवसांत तो घरोघरी ऐकू येतो. ‘‘काय सांगू बाई, टोंगळे गेले माझे!’’ सासूबाई म्हणतात, धुण्याभांड्याला येणारी मावशी म्हणते, शेजारच्या काकू म्हणतात. ‘गेले’ म्हणजे कायमचे गेले, आता त्यांचे काही करता येणार नाही, असा त्यातला भाव. मग तेल चोळायचे, देवाचे नाव घ्यायचे आणि उठताना भिंतीला हात टेकायचा.

मैत्रिणींनो, हा ‘गेले’ शब्दच चुकीचा आहे. आणि या एका शब्दापायी कितीतरी बायका पन्नाशी-साठीतच घरात अडकून पडतात. आधी बाजार सुटतो, मग देऊळ, मग माहेरी जाणे. एस.टी.ची उंच पायरी चढवत नाही म्हणून भाच्याच्या लग्नाला न गेलेल्या बाईचे दुःख कोणी मोजत नाही. तेव्हा या दुखण्याची आज नीट ओळख करून घेऊ या. डॉक्टर त्याला ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात, वैद्य संधिगत वात म्हणतात, आपण सांध्यांची झीज म्हणतो.

गुडघ्यावर भार येतो कुठून?

भंडारा हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा. पावसाळ्यात पऱ्हे उपटायचे, त्यांच्या जुड्या बांधीत न्यायच्या आणि चिखलात कमरेतून वाकून दिवसभर रोवत मागे मागे सरकायचे, हे काम बायकांचेच. उन्हाळ्यात मोहफुले वेचायची, तेंदूची पाने तोडायची. बिड्या वळणाऱ्या बाया सूप मांडीवर घेऊन तासन्‌तास बसलेल्या दिसतात.

भंडारा, तुमसर, साकोली, पवनीच्या वाचकभगिनी म्हणतील, ‘‘अहो, आम्ही कुठे रोवणीला जातो?’’ खरे आहे. पण स्वतःच्या दिवसाचा हिशेब मांडून पाहा. सकाळी उकिडवे बसून सडा-रांगोळी. संडासात उकिडवे. विळीवर भाजी चिरताना एक गुडघा दुमडलेला. धुणे खाली बसून. फरशी पुसताना खोलीभर सरपटत जायचे. देवपूजेला मांडी, जेवायला मांडी, तांदूळ निवडायला मांडी. महालक्ष्म्यांच्या दिवसांत तर बसणे-उठणे किती वेळा झाले याची मोजदादच नाही. गुडघा पुरता दुमडला की वाटीमागच्या आणि सांध्यातल्या भागावर सर्वांत जास्त दाब येतो, आणि तिथून उठताना तर फारच.

चीनमध्ये हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर दिसली आहे. बीजिंगच्या वयस्क बायका अमेरिकन बायकांपेक्षा अंगाने बारीक, तरी त्यांच्या गुडघ्यांत हा विकार अमेरिकन बायकांपेक्षा जास्त आढळला, आणि खुब्यात मात्र फारच कमी. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या अभ्यासात असे दिसले, की तरुणपणी रोज जास्त वेळ उकिडवे बसणाऱ्यांत गुडघ्याचा विकार जास्त होता. आपल्याकडेही खुब्यापेक्षा गुडघाच जास्त दुखतो, हे कोणत्याही दवाखान्याच्या बाकावर बसून कळेल.

याचा अर्थ असा नव्हे की मांडी घालणे म्हणजे पाप. निरोगी गुडघ्याला ती सवय चांगलीच आहे. पण दुखऱ्या गुडघ्याला दिवसातून चाळीस वेळा खालून उठायला लावायचे आणि मग ‘वयाचे आहे’ म्हणायचे, हे बरोबर नाही.

बाकीची कारणेही आहेत. वय वाढते तसा विकार वाढतो. पाळी गेल्यानंतर बायकांत तो पुरुषांपेक्षा ठळकपणे जास्त दिसतो. आईला असला तर मुलीला होण्याची शक्यता अधिक. पूर्वी कधी गुडघ्याला जबर मार लागलेला असला तर तोही पुढे नडतो. आणि वजन. त्यावर पुढे स्वतंत्र बोलायचे आहे, कारण आपल्या हातात असलेली ती सर्वांत मोठी गोष्ट.

आपल्या महाराष्ट्रात हे दुखणे किती आहे, याची पद्धतशीर मोजणी 1996 साली पुणे जिल्ह्यातल्या भिगवण या गावात सुरू झाली. डॉ. अरविंद चोपडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या कार्यक्रमाखाली घरोघर जाऊन 4092 प्रौढ माणसांची विचारपूस केली. शंभरांत सुमारे 18 जणांना हाडा-सांध्यांचे काही ना काही दुखणे निघाले. ऑस्टिओआर्थ्रायटिस शंभरांत जवळजवळ 6 जणांना होता. ज्याला आपण सरसकट ‘संधिवात’ म्हणून घाबरतो तो आमवात, म्हणजे बोटे वाकडी करणारा रूमॅटॉइड, दोनशेंत एकाला होता. म्हणजे दहा-बारा गुडघे झिजेचे, तेव्हा कुठे एक आमवाताचा.

‘वंगण संपले’ म्हणजे काय?

दवाखान्यातून आलेल्या बाईला विचारा, काय म्हणाले डॉक्टर? उत्तर ठरलेले असते: ‘‘वंगण संपलं म्हणे,’’ किंवा ‘‘गॅप पडला म्हणे.’’ गंमत अशी, की या दुखण्यात फटीतली जागा पडत नाही, उलट कमी होते. आणि वंगण संपणे तर दूरच, पुष्कळदा दुखऱ्या गुडघ्यात पाणी जास्तच साठते आणि तो सुजतो.

खरा प्रकार असा. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड जिथे भेटतात तिथे दोन्ही टोकांवर गुळगुळीत, पांढऱ्या कूर्चेचे अस्तर असते. या कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत, दुखण्याची जाणीव देणाऱ्या नसाही नाहीत. मग तिला अन्न कसे मिळते? सांध्यातल्या चिकट द्रवातून. आपण चाललो की स्पंजासारखी ती दाबली जाते, सोडली जाते, आणि त्या उघडझापेत द्रव शोषून घेते. सांधा हलला नाही तर ती उपाशी राहते. ‘झीज होते, तेव्हा पाय हलवूच नका’ हा सल्ला किती उलटा आहे, ते यावरून ध्यानात येईल. यंत्राचा भाग वापरून झिजतो आणि पुन्हा भरत नाही. सांधा जिवंत आहे. त्यात झीज आणि डागडुजी दोन्ही चाललेली असतात, आणि डागडुजी मागे पडली की विकार सुरू होतो.

मग कूर्चा पातळ होते, खालचे हाड जाड होते, कडेला हाडाचे कंगोरे वाढतात, सांध्याच्या अस्तराला हलकी सूज येते, आणि सर्वांत लवकर मांडीचा पुढचा स्नायू रोडावतो. दुखते ते या हाडामुळे, अस्तरामुळे आणि थकलेल्या स्नायूमुळे. म्हणूनच क्ष-किरणांचा फोटो आणि दुखणे यांचा मेळ बसत नाही. एखादीचा फोटो पाहून डॉक्टर भुवया उंचावतात आणि ती रोज दोन मैल चालत असते. दुसरीचा फोटो साधारण, पण जिना चढताना डोळ्यांत पाणी. फोटो हातात घेऊन रडत बसू नका. विकार फोटोला झालेला नाही.

हाच विकार हातालाही होतो. बोटांच्या शेवटच्या पेरांवर दोन्ही बाजूंना टणक गाठी येतात. आंगठ्याचे मूळ दुखते, ओले चादर-पोलके पिळताना किंवा बरणीचे झाकण फिरवताना कळ येते. पाळी जाण्याच्या सुमाराला या गाठी दुखऱ्या असतात, पुढे बहुतेकींचे दुखणे आपोआप निवते आणि गाठी तेवढ्या राहतात. आईच्या हाताकडे पाहिलेत तर तिथेही सापडतील.

हे तेच दुखणे आहे कशावरून?

चालले, चढले-उतरले की दुखते आणि बसले की बरे वाटते. सकाळी उठल्यावर किंवा फार वेळ बसून उठल्यावर सांधा आखडतो, पण चार पावले टाकली की सुटतो. हा आखडलेपणा साधारण अर्ध्या तासाच्या आत जातो. गुडघ्यावर हात ठेवून पाय हलवला तर आत करकर लागते. (नुसता कट्‌कट्‌ आवाज येतो आणि दुखत काहीच नाही, तर त्याची चिंता नको.) पुढे पुढे पाय धनुष्यासारखे बाहेर वाकू लागतात.

आता वेगळी लक्षणे. सकाळचा ताठरपणा तासतास राहतो, दोन्ही हातांची मधली पेरे आणि मनगटे सुजतात, अंगात कणकण असते, तर तो आमवात असू शकतो. त्याची औषधे निराळी आहेत आणि ती लवकर सुरू केली तर बोटे वाचतात. एकाएकी एकच सांधा लाल, गरम आणि हात लावू देणार नाही इतका दुखरा झाला, त्यात ताप असला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. चिकुनगुन्याच्या तापानंतर सांधे महिनोन्‌महिने धरतात. 2006 च्या साथीत विदर्भातल्या पुष्कळ घरांनी ते भोगले आहे.

आणि आपल्या पूर्व विदर्भापुरती एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. पंधरा-वीस-पंचवीस वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला वरचेवर हाडे-सांधे दुखत असतील, किंवा खुबा धरून लंगडत असेल, तर ते ‘थंडी भरली’ म्हणून सोडू नका. इकडे सिकलसेलचा आजार पुष्कळ कुटुंबांत आहे. त्यात हाडांचा रक्तपुरवठा अडून अशाच कळा येतात आणि खुब्याचे हाड निकामी होऊ शकते. रक्ताची साधी तपासणी सरकारी दवाखान्यात होते. लग्न जमवण्याआधी तर ती व्हावीच.

लाखोळीच्या डाळीचेही नाव नेहमी निघते. फार दिवस मुख्यतः तीच डाळ खाल्ली तर पाय ताठर होऊन चालणे बिघडते हे खरे, पण तो मज्जातंतूंचा रोग आहे, गुडघ्याच्या झिजेशी त्याचा संबंध नाही. भाताचे, दह्याचे, वांग्याचेही तेच. भात खाल्ल्याने गुडघ्याची कूर्चा झिजत नाही. ज्या जिल्ह्यात दोन्ही वेळा भात शिजतो तिथे बायकांनी भात सोडून काय खायचे? प्रमाण मात्र सांभाळायला हवे, ते वजनासाठी.

मांडी बळकट, तर गुडघा हलका

या दुखण्यावरचा खरा उपाय बाटलीत मिळत नाही, म्हणून तो कोणी विकत नाही आणि म्हणून तो कोणी सांगतही नाही. मांडीचा पुढचा स्नायू हा गुडघ्याचा गडी आहे. तो जोरकस असला की भार तो उचलतो, सांध्यावर कमी येतो. जगभरच्या डॉक्टरांच्या मार्गदर्शिकांत व्यायाम आणि वजन यांना पहिली जागा दिलेली आहे. गोळ्या त्यानंतर.

पलंगावर पाय पसरून बसा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि गुडघ्याने ती खाली दाबा. मांडी घट्ट झालेली हाताला लागली पाहिजे. पाच अंक मोजा, सोडा. असे दहा वेळा, दोन्ही पायांना. हे जमले की उताणे निजून एक पाय गुडघ्यात वाकवून ठेवायचा आणि दुसरा सरळ, ताठ, वीतभर-हातभर उचलून पाच अंक धरायचा. तिसरा व्यायाम खुर्चीवर बसून. पाय समोर सरळ करायचा, धरायचा, हळू खाली आणायचा. टी.व्ही. बघताना, मुलांचा अभ्यास घेताना, कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत तो सहज होतो. थोडे बळ आले की खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठायचे आणि सावकाश बसायचे. पाचदा, मग आठदा, मग दहादा. सावकाश बसण्यातच खरा व्यायाम आहे, धपकन बसाल तर फुकट.

थोडे दुखले तर घाबरू नये. नियम असा धरा, की व्यायामामुळे वाढलेले दुखणे दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मूळपदावर आले तर ठीक. नाही आले तर संख्या निम्मी करा, बंद करू नका. गुडघा सुजून गरम असेल त्या दिवशी मात्र फक्त पहिला व्यायाम करावा. फरक जाणवायला दीड-दोन महिने लागतात. आठ दिवस करून ‘काही गुण नाही’ म्हणणाऱ्या बाईने पापडाचे पीठही आठ मिनिटांत सोडले असते का?

याखेरीज चालायचे. सपाट रस्त्याने, मऊ तळाच्या चपला किंवा बूट घालून. साडीवर बूट घातले तर लोक हसतात म्हणे. चार दिवस हसतील. एका दमात होत नसेल तर दहा-दहा मिनिटे तीनदा चालावे.

आता वजन. चालताना गुडघ्यावर पडणारा भार अंगाच्या वजनाच्या कितीतरी पट असतो. 2005 साली अमेरिकेत स्थूल व गुडघे दुखणाऱ्या वयस्क माणसांवर झालेल्या अभ्यासात दिसले, की वजन 1 किलोने घटले की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे 4 किलोंनी कमी होतो. दिवसाची पावले हजारांनी मोजायची, म्हणजे हिशेब लक्षात येईल. त्याआधी 1992 साली तिथल्याच फ्रेमिंगहॅम गावातल्या बायकांच्या पाहणीत असे निघाले होते, की दहा वर्षांत साधारण 5 किलो वजन घटवलेल्या बायकांत गुडघ्याचे हे दुखणे होण्याचा धोका निम्म्याहून कमी झाला. म्हणजे वीस किलो उतरवायचे नाहीत, पाच पुरेत. ताटातला भाताचा दुसरा ढीग, चहातली साखर, मुलांच्या ताटात उरले म्हणून तोंडात टाकलेले घास, एवढ्यावर लक्ष ठेवले तरी वर्षभरात तेवढे होते. शिळे-उरलेले पोटात टाकणे म्हणजे अन्न वाचवणे नव्हे, ते आपल्या गुडघ्यावर ठेवणे आहे.

घराची मांडणी बदला

गुडघा दुखतो घरातल्या बाईचा, आणि खुर्ची असते घरातल्या पुरुषाची! हे बदलायला फार पैसे लागत नाहीत. विळी उचलून ठेवा आणि भाजी टेबलावर सुरीने चिरा. ओट्याशी एक उंच स्टूल असू द्या, पोळ्या लाटताना अधूनमधून त्यावर टेकता येते. धुण्याचा दगड कंबरेइतक्या ओट्यावर बांधून घेता येतो. केरसुणीला लांब दांडा, फरशीला लांब दांड्याचे पुसणे. देवघर जमिनीवर असेल तर चौरंगाऐवजी उंच टेबलावर मांडावे आणि पूजा खुर्चीवर बसून करावी. देव रागावत नाही. पंगतीत टेबल-खुर्ची मागायला लाजू नये, आता मंगल कार्यालयांत ती सोय असते.

सर्वांत महत्त्वाची जागा म्हणजे संडास. दिवसातून दोन-तीनदा पूर्ण उकिडवे बसावे लागते आणि पाणी कमी प्यावे म्हणजे जायला नको, असा भलताच उपाय बायका शोधतात. बसका संडास मोडून कमोड बसवणे नेहमीच शक्य नसते. पण बसक्या भांड्यावर ठेवायची, मधे भोक असलेली खुर्ची बाजारात मिळते. गावच्या सुताराकडूनही करून घेता येते. शेजारच्या भिंतीला एक मजबूत लोखंडी कडी ठोकून घ्या. वर्षभरात तेलांवर आणि मलमांवर जो खर्च होतो त्याचा हिशेब एकदा घरच्यांसमोर मांडा, म्हणजे ही खुर्ची महाग वाटणार नाही.

जिन्याची रीत लक्षात ठेवा. चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. काठी घ्यायची तर दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात. जवळजवळ सगळ्या बाया ती दुखऱ्याच बाजूला धरतात. हात बदलून पाहा, दहा पावलांत फरक कळेल.

शेकणे चांगले. मिठाची किंवा वाळूची पुरचुंडी, गरम पाण्याची पिशवी, एरंडाचे गरम केलेले पान, सगळ्यांतला गुण उबेचा. मधुमेह असणाऱ्यांनी मात्र शेकताना आधी हाताने ऊब तपासावी, कारण पायाला चटका कळत नाही. तेल चोळल्याने कूर्चा भरून येत नाही, पण आखडलेले स्नायू सैल होतात आणि कोणीतरी आपले पाय चोळते आहे याचे सुखही असतेच. ते का नाकारायचे?

गोळ्या, पुड्या आणि सुया

दुखणे फार असेल तेव्हा गुडघ्यावर लावायचे डायक्लोफेनॅकचे मलम हा पहिला पर्याय. ते पोटाला फारसे बाधत नाही. त्याच जातीच्या पोटात घ्यायच्या गोळ्या परिणामकारक खऱ्या, पण महिनोन्‌महिने स्वतःच्या मनाने घेतल्या तर जठरात व्रण होतो, रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडे दुखावतात. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार यांतले काही असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय ती पट्टी घरात आणू नये. कॅल्शियमच्या गोळ्यांनी हा विकार बरा होत नाही. हाडे ठिसूळ होणे हे दुखणे निराळे. ग्लुकोसामाइनवर आपल्या बायका पुष्कळ पैसे खर्च करतात. 2006 साली अमेरिकेत पंधराशेहून अधिक रुग्णांवर तपासले तेव्हा एकंदरीत ते बिनऔषधी गोळीपेक्षा सरस ठरले नाही.

आयुर्वेदाचे काय? भिगवणची पाहणी करणाऱ्या डॉ. चोपडा यांनीच वैद्यांबरोबर सुंठ, गुळवेल, शल्लकी, आवळा यांच्या औषधांची चाचणी घेतली. ती 2013 मध्ये प्रसिद्ध झाली. चारशेहून अधिक रुग्ण होते, आणि दुखणे कमी होण्यात ही औषधे ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिब यांच्या बरोबरीची ठरली. काहींच्या रक्ततपासणीत यकृतावर परिणामही दिसला. म्हणजे ‘झाडपाल्याचे आहे, त्याने अपाय कसला’ असे कोणी म्हणू नये. घ्यायचे तर शिकलेल्या वैद्याकडून, नाव लिहिलेले औषध घ्यावे.

नाव नसलेल्या पुडीची मात्र धास्ती बाळगा. आठवडी बाजारात, यात्रेत, कोणाच्या तरी ओळखीने, कागदात बांधलेली भुकटी किंवा गोळ्या मिळतात. दोन दिवसांत बाई धावायला लागते आणि गावभर नाव होते. इतक्या झटपट गुण येतो तिथे बहुधा स्टिरॉइड मिसळलेले असते. मग भूक वाढते, चेहरा गोल होतो, अंगावर सूज येते, साखर आणि रक्तदाब चढतो, हाडे ठिसूळ होतात. अशी पुडी कोणी बरेच दिवस घेत असेल तर ती एकाएकी बंद करू नका. शरीराची स्वतःची स्टिरॉइड बनवण्याची ताकद झोपलेली असते आणि अचानक थांबवल्याने चक्कर, उलट्या होऊन जिवावर बेतू शकते. पुडी घेऊन डॉक्टरकडे जावे, ते हळूहळू उतरवतात.

गुडघ्यात देतात ती स्टिरॉइडची सुई वेगळी. सूज असलेल्या गुडघ्याला तिने काही आठवडे आराम पडतो. वरचेवर घ्यायची ती नव्हे. ‘वंगणाची सुई’ महाग असते आणि तिचा गुण थोडासाच. दुर्बिणीने गुडघा ‘साफ’ करण्याबद्दलही सांगते. अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये 180 रुग्णांवर प्रयोग झाला, काहींना खरी शस्त्रक्रिया आणि काहींना नुसता वरून छेद. 2002 मध्ये निकाल आला, तर दोघांचे दुखणे सारखेच! झिजेच्या गुडघ्यासाठी तो खर्च करू नये.

गुडघा बदलायचा केव्हा?

गुडघा बदलणे हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोचला तो 2000 आणि 2001 साली, जेव्हा पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयींचे दोन्ही गुडघे मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी बदलले. पुढे ऑगस्ट 2017 मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली, तेव्हा तो मध्यमवर्गाच्या आवाक्यात थोडा आला.

शस्त्रक्रिया चांगली आहे. 2019 साली निरनिराळ्या देशांच्या नोंदी एकत्र करून पाहिल्या तेव्हा पूर्ण बदललेल्या गुडघ्यांतले शंभरांत सुमारे 82 गुडघे 25 वर्षांनंतरही टिकलेले निघाले. पण ती कोणासाठी? रात्री झोप लागू देत नाही इतके दुखते, घरातल्या घरात फिरणे अवघड झाले आहे, आणि निदान काही महिने मनापासून व्यायाम करून, वजन उतरवून पाहिले आहे, तिच्यासाठी. फुकट तपासणीच्या शिबिरात फोटो काढून ‘चौथी स्टेज, ताबडतोब करा’ म्हणतात, तेव्हा घाई करू नये. झिजलेला गुडघा पंधरा दिवसांत पळून जात नाही. नागपूर साठ किलोमीटरवर आहे, तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा एम्समध्ये दुसरे मत घेता येते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आपल्या शिधापत्रिकेवर काय बसते, हे त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारावे, भरती झाल्यावर नव्हे.

दुसरी बाजूही सांगते. ज्या बाईला खरेच गरज आहे ती ‘आता या वयात माझ्यावर एवढा पैसा कशाला’ म्हणून मागे सरते आणि घरचे गप्प बसतात. तिने आयुष्यभर कोणावरच्या खर्चाला असे म्हटले होते?

शस्त्रक्रिया ठरली तर तारखेआधी दोन महिने मांडीचे तेच व्यायाम करावेत. बळकट मांडी घेऊन गेलेली बाई लवकर चालू लागते. साखर आणि रक्तदाब आटोक्यात हवेत, दातांचे काही दुखणे असेल तर ते आधी काढून टाकावे, कारण तिथला जंतू नव्या सांध्यात जाऊ शकतो. शस्त्रक्रियेच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभे करतात, आणि खरे कष्ट तिथून सुरू होतात. पहिले दीड-दोन महिने दिवसातून तीनदा गुडघा वाकवण्याचे व्यायाम रडत का होईना करायचे असतात. त्यात कसूर झाली तर गुडघा कायमचा आखडतो. नव्या गुडघ्याने चालता येते, जिना चढता येतो, बाजार करता येतो. उकिडवे बसणे आणि जमिनीवर मांडी घालणे बहुतेक डॉक्टर नको म्हणतात. तेव्हा ती घरी येण्याआधीच संडासात कमोड किंवा खुर्ची, भिंतीला कडी, गुडघ्याच्या उंचीची खाट आणि पायात अडकणार नाहीत असे उचलून ठेवलेले सतरंजी-पायपुसणे, एवढी तयारी सुनेने आणि मुलाने मिळून करून ठेवावी. आणि पहिले दोन महिने स्वयंपाक कोण करणार, हेही त्याच बैठकीत ठरवून टाकावे.